जिन्याखालचा पितळी खिळा

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली मुलांच्या सायकली आणि एक मोडका पाळणा पडलेला असतो. तिथेच जमिनीतून वर आलेल्या काळ्या खडकात एक पितळी खिळा बसवलेला आहे. त्याचं डोकं रुपयाच्या नाण्याएवढं. नव्याने राहायला आलेलं कुणी त्याला ठेचकाळलं की वॉचमनकडे चौकशी होते. वॉचमन सांगतो, "काकांचा खिळा हाय तो. काढायचा नाय." काका म्हणजे मी. यापलीकडे त्याला माहिती नाही. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक या खिळ्यापाशी झाली, आणि ती शोधली गेली तीही इथेच.

अंकासाठी नोकरीबद्दल लिहा, असं संपादकांनी म्हटलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. माझी पत्नी कुंदा जाऊन आता वर्ष होत आलं. मी काही लिहिलं की ती हातात पेन्सिल घेऊन वाचायची आणि जिथे मी मोघम लिहिलं असेल तिथे समासात एक बारीक ठिपका द्यायची. बोलायची काही नाही. मग तो ठिपका मला दिवसभर टोचायचा. आता ठिपके देणारं कुणी नाही, म्हणून मीच एकेक परिच्छेद दोन दोन दिवस ठेवून पुन्हा वाचतो. त्यामुळे हे लिहायला उशीर झाला.

मी भूभौतिकीचा माणूस. हा शब्द उच्चारला की लोक भूकंपाचं विचारतात, नाहीतर आमच्या प्लॉटवर बोअरला पाणी कुठे लागेल ते विचारतात. माझं काम निराळं होतं. मी वजनं करायचो. पृथ्वी एखाद्या ठिकाणी वस्तूला किती जोराने खाली ओढते, ते मोजायचं. आपण समजतो, ही ओढ सगळीकडे सारखी. ती तशी नसते. पायाखाली भरीव खडक असेल तर ओढ थोडी जास्त, पोकळी असेल तर थोडी कमी. फरक किती? एका भरलेल्या ट्रकच्या वजनात तांदळाचे चार-पाच दाणे टाकावेत, एवढा. तेवढा फरक ओळखणारं यंत्र आमच्याकडे होतं. दिसायला स्टीलच्या पिंपासारखं, आत एक नाजूक स्प्रिंग आणि तिला टांगलेलं इवलंसं वजन. ते सतत ठरावीक उबेत ठेवावं लागायचं. लाइट गेली आणि बॅटरीही संपली, तर पुन्हा ताळ्यावर यायला त्याला दोन दिवस लागत.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या संस्थेने शहराबाहेर, करमाडच्या बाजूला एक प्रयोग हाती घेतला. कारखान्यांच्या धुराड्यांतून जो कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, तो हवेत सोडण्याऐवजी दाबून जमिनीत खोल, विहिरींच्या आणि बोअरच्या पुष्कळ खाली, काळ्या खडकाच्या थरांत भरायचा. आपला हा खडक लाव्ह्याचा. त्यात बारीक छिद्रं असतात आणि चुन्यासारखी द्रव्यंही असतात. वायू तिथल्या पाण्यात विरघळतो, खडकाशी त्याची प्रक्रिया होते आणि हळूहळू त्याचाच दगड होतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, साधारण त्याच जातीचा दगड.

पण दगड व्हायला वेळ लागतो. तोवर वायू ठेवला तिथेच आहे, की फटीतून वर सरकतो आहे? जमिनीत डोकावून बघता येत नाही, म्हणून वजन करायचं. खडकातल्या छिद्रांत आधी पाणी असतं. वायूने पाण्याला बाजूला सारलं, की ती जागा हलकी होते. वायू खोल असेल तर हा हलकेपणा वर जेमतेम जाणवतो, उथळ थरात आला तर चांगलाच जाणवतो. त्या माळावर आणि आजूबाजूच्या बांधांवर आम्ही चोवीस ठिकाणी खडकात खिळे ठोकले. दर महिन्याला प्रत्येक खिळ्यावर यंत्र ठेवून वाचन घ्यायचं आणि मागच्या वाचनांशी ताडून बघायचं, हे माझं काम.

यंत्राला धक्का चालत नसे. आमचे ड्रायव्हर शकीलभाई ते मागच्या सीटवर उशांमध्ये बसवत, पट्टा लावत आणि जालना रोडवर बैलगाडीच्या चालीने जीप नेत. मागचे ट्रकवाले हॉर्न मारमारून वैतागत. एकदा एकाने शेजारी येऊन विचारलं, "क्या चाचा, अंडे भरे हैं क्या?"

शकीलभाई खिडकीतून शांतपणे म्हणाले, "दुल्हन है बेटा. पीछे पड़दे में बैठी. तू आगे जा."

तेव्हापासून यंत्राचं नाव दुल्हन पडलं. सकाळी ते मला विचारायचे, "साब, दुल्हन का मिज़ाज कैसा है आज?" प्रश्न चेष्टेचा होता, पण अचूक होता. स्प्रिंग थकते. सकाळी एक आकडा देणारं यंत्र संध्याकाळी त्याच जागी किंचित वेगळा आकडा देतं. म्हणून आमच्या धंद्यात एक नियम असतो. एक जागा अशी ठरवायची, की जिथे काही बदलत नाही. तिला मूळ ठाणं म्हणायचं. सकाळी तिथे वाचायचं, दिवसभर हिंडायचं, संध्याकाळी परत तिथेच येऊन वाचायचं. दोन वाचनांत जो फरक पडेल तो यंत्राचा थकवा. तो दिवसभरात वाटून टाकायचा. बाकीची चोवीस ठिकाणं या एका जागेच्या भरवशावर उभी असतात.

आमचं मूळ ठाणं म्हणजे जिन्याखालचा हा खिळा.

साइटवरच्या खोलीत भारनियमनाने यंत्र थंड पडायचं. शहरात आमच्याकडे इन्व्हर्टर होता, त्यामुळे यंत्र मुक्कामाला घरी येई. आमच्या शहराच्या एका कडेला सातारा परिसर म्हणून भाग आहे, तिथली आमची सोसायटी खडकावरच बांधलेली. जिन्याखाली तर बिल्डरने फरशीसुद्धा घातली नव्हती, उघडा काळा दगड. याहून पक्की जागा कोणती? नियमाप्रमाणे साइटजवळ दुसरं ठाणं ठेवायला हवं होतं. सुरुवातीला ठेवलंही. पहिले काही महिने दोन्ही ठाणी इतकी तंतोतंत जुळत होती, की दुसऱ्याचं वाचन घेणं मी सोडून दिलं. तासभर वाचत होता. शिवाय सकाळचं वाचन होईतो कुंदा जिन्यातच चहा आणून द्यायची.

कुंदा महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे. प्रयोग सुरू झाला त्याच वर्षी निवृत्त झाली होती. सोसायटीने लगेच तिच्यावर पाण्याचं खातं सोपवलं.

आता गयाबाईंविषयी. आमचा सात नंबरचा खिळा त्यांच्या मोसंबीच्या बागेच्या बांधावर होता आणि त्यांची विहीर तिथून चाळीस पावलांवर. पन्नाशीच्या, उंच, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. यजमान वारल्यावर बाग त्याच बघत होत्या. पहिल्या दिवशी मी यंत्र ठेवून चंद्र-सूर्याच्या ओढीची दुरुस्ती करत होतो, तेव्हा मागे उभ्या राहून त्यांनी विचारलं, "काय बघता एवढं?"

"चंद्र कुठे आहे ते. तोसुद्धा जमिनीला ओढतो. त्याची ओढ वजा करावी लागते."

"दिवसाढवळ्या?"

"तो खाली, पलीकडच्या बाजूला असला तरी ओढतो."

त्यांनी वाकून यंत्राकडे बघितलं. "माय वं! चंद्राचं वजन कळतं ह्या डब्याला. अन् माझ्या हिरीत पाणी किती दिवस पुरंल, ते सांगता येतं का?"

ते सांगता येत नव्हतं. तसं म्हणालो. "मंग काय कामाचा," असं म्हणून त्या निघून गेल्या आणि थोड्या वेळाने दोन मोसंब्या शकीलभाईंच्या हातावर ठेवून गेल्या. मला नाही.

त्यानंतरच्या वर्षी पाऊस झालाच नाही म्हणायचा. पैठणच्या धरणात चिखल दिसू लागला. शहरात नळाला पाणी आठवड्याने, आमच्या भागात तर नळच पोहोचला नव्हता. बोअर आटले. करमाडकडे जाताना दोन्ही बाजूंना वाळलेल्या मोसंबीच्या बागा दिसायच्या. काही लोकांनी झाडं तोडून मोळ्या बांधून ठेवल्या होत्या. गयाबाईंची विहीर मात्र तग धरून होती. रोज थोडा वेळ मोटर चालायची. तेवढ्या पाण्यावर वस्तीतली पाच घरं आणि तीनशे झाडं.

चैत्राच्या वाचनात सगळे आकडे खाली गेले होते. यंत्र तपासून आणलं आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा फेरी केली. तरी खालीच. सर्वांत जास्त घसरण सात नंबरवर. याचे दोन अर्थ निघत होते. भूजल उतरलं असेल, नाहीतर वायू उथळ थरात आला असेल. पाणी किती उतरलं ते आसपासच्या बोअरमधून आम्हांला माहीत होतं, आणि तेवढ्याने हिशेब पुरत नव्हता. मी अहवालात तसं लिहिलं. मोघम लिहिलं नाही, ठाम लिहिलं. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमच्या प्रयोगाचे प्रमुख, शहाणा आणि घाबरट माणूस. म्हणाले, "सातच्या जवळची विहीर बंद करा. पाण्याचा नमुना पाठवला आहे, पण रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतील. तोवर जोखीम नको. वस्तीला प्यायच्या पाण्याचा टँकर आपण देऊ."

"आणि बागेला?"

"बागेला कुठून देणार?"

विहिरीच्या मोटरच्या पेटीला कुलूप लावायला मीच गेलो. दुसऱ्या कुणाला पाठवणं बरं दिसलं नसतं. गयाबाई पेटीसमोर उभ्या राहिल्या.

"पाण्यात काय निघालं?"

"अजून काही निघालेलं नाही. शंका आहे."

"म्या सकाळीच पेले. जित्ती हाय ना तुमच्यासमोर?"

"गयाबाई, थोडे दिवस."

"झाडाला सांगा थोडे दिवस. ह्या उन्हात आठ दिवस पाणी तुटलं की फळ गळतं, अन् पंधरा दिवसांनी झाड जातं. तुमच्या डब्याला चंद्र दिसतो, माझं झाड दिसंना व्हय?"

मी कुलूप लावलं. परत येताना शकीलभाई नेहमीपेक्षाही हळू जीप चालवत होते. चिकलठाण्याजवळ आल्यावर म्हणाले, "साब, आज दुल्हन का मिज़ाज मत पूछो. मेरा पूछो."

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी कुंदाने मला विचारलं, "तुम्ही जेवताना भिंतीकडे का बघता?" मी सगळं सांगितलं. तिने सगळ्या वाचनांचा कागद मागितला. तिने माझं काम पूर्वी कधी तपासलं नव्हतं. मीच कधी दाखवलं नव्हतं, हे जास्त खरं.

दुपारभर ती कागदावर वाकून बसली. चारच्या सुमारास हाक मारली. "अहो, इकडे या. वायू भरला ते भोक कुठे आहे?"

मी नकाशावर दाखवलं.

"आणि सर्वांत लांबचा खिळा?"

"तेवीस. चार किलोमीटरवर, टेकडीपलीकडे."

"तिथे वायू जाऊ शकतो?"

"शक्यच नाही."

"मग तेवीसची ओढ का कमी झाली? चोवीसच्या चोवीस ठिकाणी जवळजवळ सारखीच घसरण आहे. सातला थोडी जास्त, पण तेवढा फरक तुमच्या वाचनांत नेहमीच होतो, मागच्या वर्षीचे कागद बघा. तुम्ही सगळ्यांत खालचा आकडा बघितला. मी सगळ्यांचं मिळून काय झालं ते बघते." तिने पेन्सिल खाली ठेवली. "माझ्या वर्गात एखाद्या मुलाचे मार्क घसरले तर मी त्या मुलाला बोलावते. सगळ्या वर्गाचे सारखेच घसरले, तर पेपर तपासणाऱ्याकडे जाते."

"म्हणजे यंत्र?"

"यंत्र नाही, तुम्ही ते तपासून आणलंत ना? ज्या जागेशी सगळ्यांची तुलना करता ती जागा. चोवीस जण खाली गेले नसतील. एक जण वर गेला असेल."

मी म्हणालो, "खडक वर जात नाही, कुंदा."

माझ्या आवाजात थोडी ऐट होती. ती मला अजून ऐकू येते.

ती उठली आणि स्वयंपाकघरातून पाण्याची वही घेऊन आली. सोसायटीत टँकर कधी आला, हौद किती भरला, याच्या नोंदी तिच्या गोल अक्षरात. तिने माझ्या वाचनांच्या तारखा आणि तिच्या वहीतल्या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या. ज्या दिवशी टँकर माझ्या सकाळ-संध्याकाळच्या वाचनांच्या मध्ये आला, त्या दिवशी मी यंत्राचा थकवा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लिहिला होता. टँकर नसेल त्या दिवशी थकवा नेहमीइतका. एकाही दिवसाचा अपवाद नाही.

आमच्या सोसायटीचा हौद पार्किंगखाली खडक फोडून केलेला आहे. जिन्याला लागून. पहिल्या वर्षी, मी मूळ आकडे घेतले तेव्हा, त्याला तडा गेल्यामुळे तो रिकामा होता आणि सोसायटी बोअरवर चालत होती. मग बोअर आटला, हौद दुरुस्त झाला, टँकर सुरू झाले. खिळ्यापासून तीन-चार पावलांवर, जमिनीखाली, टनांनी पाणी येऊन बसलं. त्याच्या वजनाने मूळ ठाण्याची ओढ वाढली, आणि त्याच्याशी तोललेली सगळी दुनिया मला हलकी दिसू लागली. तो हौद मी रोज ओलांडत होतो. भरला की नाही, हे कुंदाला विचारतही होतो. आंघोळीसाठी.

खात्री करायला हवी होती. दुसऱ्या दिवशी टँकर येण्याआधी हौद तळाला गेलेला होता. मी जिन्याखाली यंत्र मांडलं आणि पाणी पडत असताना दर दहा मिनिटांनी वाचू लागलो. सोसायटी जमली. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, पाणी मोजायला काठी पुरते की!" टँकरवाला नळाचं चाक धरून हसत होता. कुंदा हौदाच्या झाकणाशी खरोखरच काठी घेऊन उभी होती आणि पाणी किती चढलं ते ओरडून सांगत होती. तिची काठी चढेल तसा माझा आकडा चढत होता. हौद भरला तेव्हा मी फरक काढला. भूजल उतरल्याचा भाग सोडला, तर करमाडची सगळी घसरण त्यात बसली. बाकी उरलं ते वाचनातली नेहमीची थरथर होती, तिच्यावरून कुणाच्या विहिरीला कुलूप लावता येत नाही.

साहेबांना फोन केला. त्यांनी आकडे दोनदा विचारले, मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "कुलूप आजच काढा. आणि हे बघा, तिथे एवढंच सांगा, की तपासणी पूर्ण झाली, पाणी ठीक आहे. बाकीचं सांगायची गरज नाही. लोकांचा विश्वास उडतो."

मी रिसीव्हर ठेवला. कुंदा चपला घालत होती.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. साहेब काय म्हणाले, ते मला ऐकू आलं. तुम्ही एकटे गेलात तर तेवढंच सांगून याल."

पाणी तुटून दहा दिवस झाले होते. बागेत गळालेली हिरवी फळं पायाखाली येत होती. विहिरीपासून लांबची, मुरमाड जमिनीवरची एक ओळ पार मान टाकून होती. मी कुलूप काढलं आणि बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. हौद, टँकर, खिळा. शब्द सोपे निवडत होतो, पण सांगणं सोपं नव्हतं.

गयाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजी तुमच्या घरी टँकर आला, म्हणून माझी हिर बंद झाली."

"हो."

"टँकर कुठून भरतात, ठाव हाय का?"

मला माहीत होतं. शहरातले निम्मे टँकर याच शिवारातल्या विहिरींवर भरत.

"आमचंच पाणी तुमच्या दारी गेलं, अन् त्याच्याच वजनानं आमची मोटर बंद. भले शिकलेले हाव तुमी." त्यांचा आवाज चढला होता. "ती ओळ गेली. बारा झाडं. माझ्या मालकानं लावलेली. त्याचं काय लिवणार तुमच्या कागदावर?"

कुंदा पुढे झाली. "चूक झाली असंच लिहिणार. कुणाची तेही लिहिणार. मी लिहून घेते यांच्याकडून."

गयाबाईंनी तिला पहिल्यांदाच नीट बघितलं. "तुमी कोण?"

"ह्यांची बायको. टँकर मीच बोलावते."

क्षणभर मला वाटलं, आता काही खरं नाही. मग गयाबाईंच्या तोंडाचा कोपरा हलला. "लई धीराची बाई हाव. चला, मोटर चालू करू."

पाणी पाटात आलं तेव्हा त्या दोघी शेजारी उभ्या होत्या. शकीलभाईंनी वाकून ओंजळभर घेतलं आणि डोळ्यांना लावलं.

अहवाल कुंदाने सांगितला तसा लिहिला. साहेब नाराज झाले, पण त्यांनी तो बदलला नाही, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. पाण्याचा रिपोर्ट नंतर आला, तोही स्वच्छ होता. मूळ ठाणं मी हलवलं. शोधता शोधता गयाबाईंच्या गोठ्यामागे उघडा खडक सापडला. खाली हौद नाही, नळ नाही, काही नाही. विहिरीची पातळी उतरली-चढली की तिथेही थोडा फरक पडणार होता, म्हणून ती मोजायची ठरली. कुंदाने गयाबाईंना दोरीला गाठी मारून दिल्या आणि एक वही दिली. रोज सकाळी दोरी विहिरीच्या तळापर्यंत सोडायची, ओल्या गाठी मोजायच्या, लिहायचं. महिन्याच्या शेवटी कुंदा ते पान बघायची, आलेख काढायची आणि खाली सही करायची.

"एखाद्या दिवशी चुकलं तर?" गयाबाईंनी विचारलं होतं.

"चुकीचा आकडा चालेल. तो चुकीचा आहे हे मला पुढेमागे कळतं. पण खाडा नको. रिकाम्या जागेवरून काहीच कळत नाही."

पुढची तीन वर्षं त्या खिळ्याची राखण गयाबाईंनी केली. गोठ्यामागे कुणी ट्रॅक्टर लावला तर दुरूनच ओरडत, "ए, काढ तो तिथून! वजन पडतंय!" सगळी वस्ती हसायची. मी हसत नसे. त्यांना माझं शास्त्र माझ्याहून चांगलं कळलं होतं.

शेवटच्या वर्षी खोलवरच्या खडकाचा नमुना वर काढला. काळ्या दगडाच्या छिद्रांत पांढरे, चकचकीत खडे जमले होते. वायूचा दगड झाला होता. सगळ्या वायूचा नव्हे, आणि प्रयोग लहानसाच होता. त्याने जगाची हवा काही बदलली नाही. पण होऊ शकतं, एवढं आम्ही हातात धरून बघितलं. त्यातला सुपारीएवढा एक तुकडा मला मिळाला. तो कुंदाच्या टेबलावर असतो. कागद उडू नयेत म्हणून ती तो वापरायची.

प्रयोग संपला, मी निवृत्त झालो, यंत्र दुसऱ्या गावी गेलं. गयाबाईंनी वही थांबवली नाही. वही भरली की त्या नवी मागत आणि कुंदा नेऊन देई. आलेख, सही, दोघींच्या गप्पा, सगळं चालू होतं. मला त्या गप्पांत जागा नव्हती. मी शकीलभाईंबरोबर बांधावर बसायचो.

कुंदा गेल्यावर मी टेबलाला हात लावला नाही. गयाबाई त्या दिवशी आणि पुढे दिवसांनाही येऊन गेल्या होत्या, पण तेव्हा घर भरलेलं होतं, बोलणं झालं नाही. मग मीही करमाडला गेलो नाही.

गेल्या महिन्यात दुपारी बेल वाजली. गयाबाई दारात. खांद्यावर पिशवी, मागे जिना चढून दमलेले शकीलभाई. तेही आता निवृत्त झालेत, पण त्यांना कुणी करमाडला जायचं म्हटलं की आपली जुनी गाडी काढतात.

पिशवीतून मोसंब्या निघाल्या. "ती ओळ गेली होती ना, तिथं दुसरी झाडं लावली होती. त्याची हायेत. ह्या सालची."

मग त्यांनी वही काढली. "बाईंनी शेवटची सही केली, त्याच्या म्होरचे धा महिने तसेच हायेत. कुणी बघितलं नाय."

मी पानं उलटली. कोळशाने काढल्यासारख्या जाड, तिरक्या आकड्यांच्या ओळी. मी नकळत ती तारीख शोधली. कुंदा गेली त्या दिवशीचा आकडा होता. दुसऱ्या दिवशीचाही.

"त्या दिवशी तुम्ही इकडे निघाला होतात ना?"

"फोन आला, तशी निघाले. पण आधी दोरी सोडली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "रडत रडत मोजलंय, गाठ एखादी हुकली आसंल. पण खाडा नाय."

शकीलभाई खिडकीबाहेर बघत होते. गयाबाईंनी वही माझ्यापुढे सरकवली. "आता तुमी बघा. त्या डब्यात डोळा घालून बसायचे, तसं बघा."

"आलेख तिलाच चांगले जमायचे."

"तुमाला वाईट आला तरी चालंल. त्याच म्हणायच्या."

त्या गेल्यावर मी कुंदाच्या टेबलाशी बसलो. पांढऱ्या खड्यांचा तो दगड बाजूला सारला. त्याखाली तिचा आलेखाचा कागद होता, अर्ध्यावर थांबलेला. पेन्सिलीला टोक केलं आणि तिने जिथे सोडलं होतं तिथून एकेका दिवसाचा ठिपका द्यायला सुरुवात केली. कुंदा गेली त्या दिवशीचा ठिपका शेजारच्यांपेक्षा एक गाठ खाली आहे. तो तसाच ठेवला. उन्हाळ्यातले ठिपके खाली उतरले, पण त्या दुष्काळाच्या वर्षीइतके नाहीत, पुष्कळ वर थांबले. मी पट्टी लावून दोनदा तपासलं. मग वहीच्या पानाखाली, तिच्या सह्यांच्या रांगेत, माझी सही केली.